चित्रातही माप असते

उन्हाळा लागला की वसमतच्या मोंढ्याला पिवळी झळाळी येते. शिजवलेली, उन्हात वाळवलेली, पॉलिश केलेली हळद पोत्यापोत्यांनी उतरते. सौदे होतात, काट्यावर वजने लागतात, वह्या भरत जातात. हिंगोली जिल्ह्याची ओळख बनलेल्या या वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. याच दिवसांत शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या मोबाइलवर आणखी एक माल येऊ लागतो. तो म्हणजे भावाची चित्रे. उंच चढणारे स्तंभ, वर झेपावणारे बाण आणि खाली ठळक अक्षरांत ‘भाव भडकले’ अशी घोषणा.

समजा, एका आठवड्यात हळदीचा भाव क्विंटलमागे १३,००० रुपयांवरून १३,५०० रुपयांवर गेला. वाढ ५०० रुपयांची, म्हणजे शेकडा चारहूनही थोडी कमी. परंतु चित्र काढणाऱ्याने उभी मोजपट्टी शून्यापासून न धरता १२,८०० पासून धरली, तर पहिला स्तंभ २०० इतका आणि दुसरा ७०० इतका उंच दिसतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना भाव साडेतीन पट झाल्याचा भास होतो. दोन्ही आकडे खरे आहेत, वजाबाकीही खरी आहे. खोटी आहे ती केवळ उंची. अशा चित्रावर विसंबून एखादा शेतकरी माल राखून ठेवतो, एखादा व्यापारी व्याजाने पैसा उचलून खरेदी करतो, आणि पुढे पस्तावण्याची पाळी दोघांवरही येते.

‘मापात पाप करू नये’ हे वचन व्यापारी घरांतील मुलांना लहानपणापासून ऐकायला मिळते. ते धान्याच्या मापाला आणि ताजव्याला उद्देशून सांगितलेले असते. आता मापे चित्रांतही शिरली आहेत. तेव्हा जी मुले उद्या गादीवर किंवा काउंटरवर बसणार, गावच्या सभेत मत देणार, त्यांना चित्रातले माप ओळखता येणे हा त्यांच्या शिक्षणाचा भाग व्हायला हवा. त्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग एकच आहे. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना अशी माहितीचित्रे, म्हणजेच इन्फोग्राफिक, स्वतःच्या हाताने करायला शिकवावीत. ज्याने स्वतः वजन करून पाहिले आहे, त्याला काट्यातली खोट लवकर कळते.

माहितीचित्र म्हणजे आकडे, आकृती आणि मोजके शब्द यांच्या मेळातून एक गोष्ट एका दृष्टिक्षेपात समजावून देणारे चित्र. नाव नवे असले तरी कल्पना जैन घरांना नवी नाही. अनेक मंदिरांच्या भिंतींवर षड्लेश्येचे चित्र असते. फळांनी लगडलेले एक झाड आणि त्याभोवती सहा माणसे. एक झाड मुळापासून तोडू पाहतो, दुसरा मोठी फांदी, तिसरा लहान फांदी, चौथा घोस, पाचवा केवळ फळे. आणि सहावा जमिनीवर आपोआप गळून पडलेले फळ उचलतो. कृष्णापासून शुक्लापर्यंत सहा रंग आणि परिणामांच्या सहा पायऱ्या. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ते चित्र सूक्ष्म तत्त्व समजावते, कारण त्यात क्रम आहे, तुलना आहे आणि प्रत्येक रंगाला ठरलेला अर्थ आहे. उत्तम माहितीचित्राची लक्षणे याहून फारशी वेगळी नाहीत.

आकड्यांचे आलेख मात्र व्यापारातून पुढे आले, ही गोष्ट व्यापारी वाचकांना विशेष वाटेल. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंग्लंडचा निरनिराळ्या देशांशी चाललेला आयात-निर्यात व्यापार रेषांच्या आलेखांनी दाखवला. स्कॉटलंडच्या व्यापारासाठी त्याने स्तंभालेख वापरला. पुढे १८०१ मध्ये वृत्तालेखही त्यानेच प्रचारात आणला. पानेच्या पाने भरणारे जमाखर्चाचे तक्ते जे सहज सांगत नव्हते, ते एका पानावरच्या रेषा सांगू लागल्या.

आज महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या हाती ही साधने आहेत. बालभारतीच्या नववीच्या गणितात विभाजित आणि शतमान स्तंभालेख आहेत. दहावीत आयतालेख, वारंवारता बहुभुज आणि वृत्तालेख आहेत. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांतील मुले ही उदाहरणे सोडवतात आणि गुणही मिळवतात. उणीव आहे ती दुसरीच. पुस्तकातील आकडे आयते दिलेले असतात. ते कोणी मोजले, कशासाठी मोजले, आलेख काढून कोणाला काय सांगायचे आहे, हे प्रश्न उत्तरपत्रिकेत येत नाहीत. प्रश्न मुलाचा स्वतःचा झाला, आकडे त्याने स्वतः जमवले आणि चित्र कोणापुढे तरी मांडायचे ठरले, की तेच गणित जिवंत होते.

पहिला पाठ जिल्ह्याच्याच आकड्यांवर घेता येईल. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. त्यांत पुरुष ६,०६,२९४ आणि स्त्रिया ५,७१,०५१. म्हणजे दर हजार पुरुषांमागे ९४२ स्त्रिया. हे एका चित्रात दाखवा, असे दहावीच्या वर्गाला सांगितले, तर बहुतेक मुले शेजारी शेजारी दोन स्तंभ काढतील. शून्यापासून काढलेले १००० आणि ९४२ चे स्तंभ जवळजवळ सारखेच दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, काळजीचे कारण नाही. दुसरा एखादा विद्यार्थी मोजपट्टी ९०० पासून सुरू करील. आता एक स्तंभ १०० चा आणि दुसरा ४२ चा दिसेल. जणू जिल्ह्यात स्त्रिया पुरुषांच्या निम्म्याहूनही कमी आहेत. पहिले चित्र खरे, पण मुके. दुसरे बोलके, पण खोटे.

मग खरे आणि बोलके असे चित्र कोणते? आलेख कागदावर ४० आडव्या आणि २५ उभ्या अशा एक हजार चौकटी आखाव्यात. ९४२ चौकटी रंगवाव्यात आणि ५८ कोऱ्या ठेवाव्यात. कोणतीही उंची फुगलेली नाही, कोणताही आकडा दडवलेला नाही, आणि तरीही त्या ५८ कोऱ्या चौकटींवरून नजर हलत नाही. प्रत्यक्षात पुरुषांपेक्षा ३५,२४३ स्त्रिया कमी, असा त्या कोऱ्या जागांचा अर्थ आहे. चौकटी रंगवणाऱ्या मुलीला हा आकडा पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

याच आकड्यावर आणखी एक धडा आहे. त्याच जनगणनेत महाराष्ट्राचे प्रमाण ९२९ आणि देशाचे ९४३ होते. ‘हिंगोली राज्याच्या पुढे’ असे शीर्षक दिले तरी ते खरेच ठरते, आणि ‘हजारामागे ५८ स्त्रिया कमी’ हेही खरेच. तुलना कोणाशी करायची, हे चित्र काढणारा ठरवतो. म्हणून शीर्षकाची जबाबदारी त्याच्यावर येते. या उणिवेचे कारण काय, हे मात्र चित्र सांगत नाही. कारणे शोधण्यासाठी आणखी आकडे आणि आणखी विचार लागतो, हेही विद्यार्थ्याला त्याच वेळी उमगले पाहिजे. शिवाय २०२१ मध्ये व्हायची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे २०११ चे आकडे आता बरेच जुने झाले आहेत. म्हणून चित्राच्या तळाशी वर्ष आणि आकड्यांचे मूळ लिहिणे हा नियम पहिल्याच दिवशी लावावा. तारीख नसलेल्या पावतीला दुकानात किंमत नसते. तारीख नसलेल्या चित्रालाही नसावी.

दुसरा पाठ पोत्याचा. मुलांना चित्रे काढायला आवडतात. गेल्या वर्षी १०० पोती आणि यंदा २०० पोती हळद आली, हे दाखवायचे झाल्यास ती एक लहान पोते काढतात आणि शेजारी दुप्पट उंचीचे मोठे पोते. उंची दुप्पट केली की चित्र बेढब होऊ नये म्हणून रुंदीही दुप्पट होते, आणि कागदावर पोत्याने व्यापलेली जागा चौपट होते. डोळा जागा पाहतो, त्यामुळे दुपटीची चौपट होऊन बसते. ऑटो न्यूराथ या ऑस्ट्रियन विचारवंताने १९२० च्या दशकात व्हिएन्ना येथे सामान्य कामगारांसाठी चित्रभाषा घडवली. पुढे ती आयसोटाइप या नावाने ओळखली गेली. तिचा एक साधा नियम होता. परिमाण वाढले तर चित्र मोठे करायचे नाही, त्याच आकाराची चित्रे अधिक काढायची. एक पोते म्हणजे ५० पोती असे ठरले, तर गेल्या वर्षाची दोन पोती आणि यंदाची चार. मोजून पाहता येते, वाद राहत नाही. क्षेत्रफळाचे सूत्र नववीपर्यंत सर्वांनाच येते. ते सूत्र प्रामाणिकपणाशी कसे जोडलेले आहे, हे या एका पोत्यावरून समजते.

तिसरा पाठ वर्गाबाहेरचा, पाण्याचा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत घालून दिली आहे. माजी सरपंच पोपटराव पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती याच गावाच्या कामासाठी. तेथे पडलेला पाऊस मोजला जातो, गावाला किती पाणी उपलब्ध आहे याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवला जातो, आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढले जाते आणि उरलेल्यावर पिके ठरतात. जमेइतकाच खर्च, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. तेथे ते तत्त्व पाण्याला लावले गेले, आणि ते टिकले, कारण हिशेब सर्वांच्या डोळ्यांसमोर होता.

हिंगोली जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या शाळेला याची लहानशी सुरुवात करता येईल. गावातील चार-पाच विहिरी मालकांच्या संमतीने निवडाव्यात. शिक्षकांच्या देखरेखीखाली, कठड्याच्या बाहेर उभे राहून, दर महिन्याच्या १ तारखेला मीटरच्या खुणा केलेली दोरी दगड बांधून आत सोडावी आणि पाणी किती खोल आहे ते वहीत लिहावे. वर्षाअखेर बारा नोंदी जमतात. त्यांचे चित्र काढताना जमिनीची रेघ कागदाच्या माथ्यावर धरावी आणि स्तंभ खाली लोंबते काढावेत. मे महिन्याचा स्तंभ जितका खोल उतरेल, तितकी दोरी त्या दिवशी खाली गेली होती, हे कोणालाही सांगावे लागत नाही. हे चित्र दिवाळीच्या सुमारास ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागले, तर रब्बीला गहू घ्यावा की कमी पाण्यावर येणारा हरभरा, या घरोघरच्या चर्चेला आधार मिळेल. सोळा वर्षांच्या मुलाने काढलेला कागद गावाच्या निर्णयात उपयोगी पडावा, याहून मोठे गुणपत्रक कोणते?

चित्राची ही शक्ती विज्ञानातही तितकीच आहे, आणि त्याचा पुरावा हिंगोलीच्या दारी येऊन ठेपला आहे. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा औंढा नागनाथ तालुक्यात उभी राहणार आहे. परस्परांना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा हे तिचे स्वरूप. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला अंतिम मंजुरी दिली. अशा लहरींची पहिली नोंद १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांत झाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ती जाहीर करण्यात आली, तेव्हा जगापुढे एक आलेख ठेवला गेला. सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावरच्या दोन यंत्रांनी टिपलेल्या दोन नागमोडी रेषा एकमेकींवर ठेवल्या होत्या आणि त्या जुळत होत्या. एक रेषा किंचित सरकवून आणि उलटी करून ठेवली आहे, हेही त्या आलेखाबरोबर स्पष्ट लिहिले होते. केलेला बदल उघड सांगणे ही त्या शास्त्रज्ञांची सचोटी होती. औंढ्याच्या शाळेतील मुलीने आपल्या पाण्याच्या आलेखाखाली ‘मार्चमध्ये एका विहिरीची नोंद घेता आली नाही’ असे लिहिले, तर तीही त्याच वाटेवरची ठरते.

व्यापारी घरातील मुलांना तर आकड्यांसाठी दूर जावे लागत नाही. घरचा रोजमेळ हाच मोठा खजिना. महिन्याच्या कोणत्या दिवसांत विक्री वाढते, सणाच्या आधी कोणता माल संपतो, आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी किती वाजता असते, असा एकच प्रश्न घेऊन महिनाभराच्या नोंदींवरून चित्र करता येते. नातवाने काढलेल्या अशा चित्रावरून आजोबांचा तीस वर्षांचा अंदाज खरा ठरला, तर दोघांनाही आनंद. खोटा ठरला, तर दुकानाचा लाभ. मात्र येथे एक मर्यादा पाळावी. गिऱ्हाइकांची नावे, कोणाकडे किती उधारी आहे, कोणी कोणते औषध किंवा दागिना नेला, हे चित्रात कधीही येऊ नये. वही विश्वासाने लिहिलेली असते. बेरजा दाखवाव्यात, माणसे झाकावीत.

शिकवण्याचा क्रम साधा ठेवावा. आधी एक प्रश्न, तोही एका वाक्यात मावणारा. मग स्वतः जमवलेले किंवा खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेले आकडे. त्यांचा स्वच्छ तक्ता. त्यानंतर रूपाची निवड. तुलना करायची असल्यास स्तंभ, काळानुसार झालेला बदल दाखवायचा असल्यास रेषा, संपूर्णाचे भाग दाखवायचे असल्यास वृत्त. आणि वृत्ताचे तुकडे पाच-सहांपेक्षा अधिक होत असल्यास पुन्हा स्तंभच बरे. स्तंभ नेहमी शून्यापासून सुरू व्हावेत. रेषेचा आलेख वरून सुरू केला तरी चालतो, पण अक्ष तोडल्याची नागमोडी खूण आणि आकडे स्पष्ट हवेत. रंग दोन किंवा तीन, आणि प्रत्येक रंगाला अर्थ. शेवटी शीर्षक, एकक, वर्ष, मूळ आणि काढणाऱ्याचे नाव.

पहिली चित्रे आलेख कागदावर पेन्सिलीनेच व्हावीत. संगणकावरची तयार नक्षी मोह पाडते. क्षणात झगमगीत चित्र होते, पण मोजपट्टी कोठून सुरू झाली हे मुलाने पाहिलेलेही नसते. हाताने दहा चित्रे काढल्यावर तोच विद्यार्थी संगणकापुढे बसला, तर यंत्राने केलेली चूक त्याला दिसते. खेड्यातील शाळेत संगणक कमी असले, वीज जात असली, तरी या विषयात ती मुले मागे पडत नाहीत, ही त्यातली जमेची बाजू.

चित्र पूर्ण झाल्यावर त्याची परीक्षा घरीच घ्यावी. ते आजीपुढे किंवा दुकानातील हमालदादांपुढे ठेवावे, स्वतः काहीही बोलू नये आणि ‘यातून काय कळले?’ एवढेच विचारावे. त्यांनी सांगितलेली गोष्ट आकड्यांशी जुळली, तर चित्र उतरले. भलतेच कळले, तर दोष पाहणाऱ्याचा मानू नये; कागद पुन्हा घ्यावा.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत एक आहे ‘हीनाधिक मानोन्मान’. देताना लहान माप वापरणे आणि घेताना मोठे. कोणाच्या खिशात हात घातलेला नसतो, तरीही तो चोरीचाच दोष मानला गेला, कारण समोरच्याने मापावर ठेवलेला विश्वास त्यात लुबाडला जातो. कापलेल्या मोजपट्टीचे चित्र जाणूनबुजून पुढे धाडणारा आणि फुगवलेले पोते काढणारा याहून वेगळे काय करतो? समोरचा माणूस आकडे वाचत नाही, डोळ्यांवर भरवसा ठेवतो. तो भरवसाच येथे मापात घातलेला असतो.

पुढच्या हंगामात वसमतच्या, हिंगोलीच्या, जवळाबाजारच्या दुकानांत पुन्हा तशीच भावाची चित्रे येतील. वडील ती पाहून विचारात पडतील. अशा वेळी शेजारी बसलेल्या दहावीतल्या मुलीने मोबाइल हाती घेऊन एवढेच विचारावे, ‘बाबा, यात शून्य कुठे आहे?’ आणि मग वहीच्या मागच्या पानावर तेच दोन आकडे शून्यापासून काढून दाखवावेत. दोन जवळजवळ सारखे स्तंभ. तेवढ्या एका पानाने घरातला एक सौदा सावरेल, आणि दाराशी आलेल्या शेतकऱ्यालाही तेच पान दाखवता येईल.